डेकचं लाकूड, झाशीचं ऊन आणि चार महिन्यांचा पाऊस

मी झाशीहून बोलतोय. सैन्यात इंजिनिअर्समध्ये नोकरी झाली, साठी उलटून काही वर्षं झाली, आणि निवृत्तीनंतर इथेच घर केलं. झाशीत मराठी माणूस काय करतो, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, नेवाळकर रत्नागिरीकडून इथे आले, तेव्हापासून आपली वहिवाट आहेच.

आजचा विषय लाकडी डेक. डेकला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. ओटा म्हणावं तर तो दगडामातीचा, सज्जा म्हणावं तर तो भिंतीतून बाहेर आलेला. तेव्हा डेकच म्हणू. उघड्यावर, फळ्यांमध्ये फट ठेवून केलेली, बसण्या-उठण्याची लाकडी जागा. हल्ली मुळशी-पानशेतच्या फार्महाउसला असतो, कोकणातल्या होमस्टेला असतो, नाशिकच्या बंगल्यांना असतो. अमेरिकेत आपल्या मुलांच्या घरांना तर मागच्या दारी असतोच. माझ्या घरामागे एक आहे. चौदा फूट बाय दहा फूट, वर सागवान, खाली लोखंडी सांगाडा. त्यानं सहा पावसाळे काढलेत.

डेक नवा असताना सगळ्यांना आवडतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पॉलिशचे पोपडे निघतात, तिसऱ्याला फळ्या काळ्या पडतात, पाचव्याला कुणीतरी म्हणतं, काढून टाका आणि टाइल्स बसवा. साठ-सत्तर वर्षं वाढलेल्या झाडाचं लाकूड पाच वर्षांत जळणात जातं. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून आज जरा सविस्तर बोलणार आहे.

आधी हवा समजून घेऊ. डेकबद्दल जे वाचायला मिळतं, त्यात बहुधा "दमट हवेसाठी अमुक लावा" असं एका वाक्यात लिहिलेलं असतं. पण रत्नागिरीची दमट हवा वेगळी आणि झाशीची वेगळी. रत्नागिरीत बाराही महिने हवेत ओल असते, लाकूड जवळपास एकाच अवस्थेत राहतं. झाशीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. मग जूनअखेरीला पाऊस सुरू होतो, वर्षाचा साधारण ९०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी सप्टेंबरपर्यंत पडून घेतो, आणि ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर असते. म्हणजे एकाच गावात दोन देशांची हवा. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथल्या मंडळींनाही हे लागू पडतं, थोडं उन्नीस-बीस.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता तीस टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू सहा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. आर्द्रता ऐंशी टक्के झाली की ती सोळाच्या आसपास जाते. आणि ओल वाढली की फळी रुंदीला फुगते. लांबीला जवळजवळ नाही, रुंदीला. सागवान कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक मानलं जातं, तरी शंभर मिलिमीटर रुंदीची फळी या दहा टक्क्यांच्या फरकात दोन मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. माझ्या डेकच्या दहा फूट रुंदीत अशा एकोणतीस फळ्या बसतात. सगळ्यांचा मिळून फरक साडेपाच सेंटिमीटरच्या वर जातो. एवढी हालचाल जिथे दर वर्षी होणार, तिथे वरचा चकचकीत थर काचेसारखा कडक असेल तर तो तडकणारच. त्यात रंगाऱ्याचा दोष असेलच असं नाही.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी मला कुठल्याच पुस्तिकेत दिसली नाही. झाशीत फळ्या बसवताना महिना बघून फट ठेवायची. मे महिन्यात बसवत असाल तर फळी सुकून आकसलेली आहे, पावसात ती फुगणार, म्हणून फट सात मिलिमीटर ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसवत असाल तर ती फुगलेली आहे, उन्हाळ्यात फट आपोआप वाढणार, तेव्हा चार-पाच पुरे. सुतार एकच खिळा मध्ये धरून सगळ्या फटी सारख्या करतो. त्याला खिळा कोणत्या महिन्यासाठी कोणता, ते सांगावं लागतं.

आता लाकडाचे शत्रू. तीन आहेत: पाणी, ऊन आणि बुरशी-वाळवी. यात पाणी हा सेनापती. बुरशीला लाकूड कुजवायचं तर लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल लागते. ओल त्याखाली ठेवली तर बुरशी उपाशी मरते. याचा पुरावा तुमच्या-माझ्या महाराष्ट्रात उभा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर बघा. दगडी छताला सागवानी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांना कुणी दर वर्षी तेल लावलं नाही, वॉर्निश लावलं नाही. पण त्यांच्यावर पाऊस पडत नाही आणि ऊन लागत नाही. बाहेर मावळातला धो धो पाऊस, आत कोरडं लाकूड. एवढंच कारण. कोकणातल्या जुन्या घरांच्या उतरत्या छपरांच्या लांब पागोळ्या, खांबाखाली ठेवलेला दगड, हे सगळं तेच शहाणपण आहे: लाकडाला पाणी लागू देऊ नका, लागलंच तर थांबू देऊ नका.

डेकला छप्पर नसतं. म्हणून त्याच्या बाबतीत दुसरं वाक्य महत्त्वाचं. पाणी लागणारच, थांबता कामा नये. आम्ही फौजेत बेली पूल बांधायचो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनिअरनं काढलेला हा पोलादी पूल हिमालयात आणि ईशान्येकडे अजून वापरात आहे. त्याच्या जुन्या पद्धतीत वरची वाट लाकडी फळ्यांची असते. त्या फळ्यांवरून ट्रक जातात, वर बर्फ आणि पाऊस. त्यांना कुणी पॉलिश करत नाही. पण दोन फळ्यांत फट असते, खालून वारा खेळतो, आणि खराब झालेली फळी एकटी काढून बदलता येते. डेकचं आयुष्य या तीन गोष्टींवर ठरतं. तेल आणि रंग यांचा नंबर त्यानंतर.

म्हणून डबा उघडण्याआधी डेकखाली वाकून बघा. खाली माती साचली आहे का? फटींत पालापाचोळा अडकला आहे का? भिंतीला टेकलेल्या वाशामागे पाणी मुरतंय का? तिथे किमान एक बोट जागा हवी. आणि कुंड्या. तुळशीची कुंडी थेट फळीवर ठेवली की तिच्याखाली रोज ओल. तीन वर्षांनी कुंडी उचलली की गोल काळा डाग आणि त्यात बोट जाईल असा भुसा. कुंडीखाली इंचभर उंचीचे पाय द्या. तुळशीलाही बरं, फळीलाही बरं.

आता डबे. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि तिन्हींना दुकानदार "पॉलिश"च म्हणतो. पहिला प्रकार, वर थर धरणारं: वॉर्निश, पीयू, मेलामाईन. दुसरा, आत मुरणारं तेल, त्यात रंगाचे कण असतात. त्याला डेक स्टेन किंवा डेक ऑइल म्हणतात. तिसरा, पारदर्शक सीलर, ज्यात बहुधा मेण असतं आणि जे फक्त पाणी झटकतं.

थर धरणारं घरातल्या कपाटाला, टेबलाला उत्तम. बाहेर, पायाखाली, त्याचं काय होतं ते सांगतो. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, लिग्निन, त्याला उन्हातले अतिनील किरण मोडतात. म्हणजे थर शाबूत, पण ज्याला तो चिकटलाय तो वरचा पापुद्राच सुटा झालेला. मग फळी फुगते, थराला बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि थरामुळे बाहेर येऊ शकत नाही. पाणी आत यायला वाट आहे, जायला नाही. बुरशीला याहून चांगलं घर कुठलं? शिवाय एकदा पोपडे निघाले की सगळा थर खरवडून लाकडापर्यंत जावं लागतं. चौदा बाय दहाच्या डेकला दोन माणसांचे तीन-चार दिवस जातात. आणि ओला झालेला चकचकीत थर निसरडा असतो. माझ्या आईनं नव्वदी ओलांडली आहे, ती वॉकर घेऊन सकाळी डेकवर येते. मला तिथे आरसा नको.

मुरणारं तेल चकाकत नाही. वर्ष-दीड वर्षात फिकं पडतं. पण सोलून निघत नाही. धुवायचं, वाळवायचं, पुन्हा एक हात मारायचा. त्यातले रंगाचे कण ऊन अडवतात, म्हणून पूर्ण पारदर्शक न घेता थोडी रंगछटा असलेलं घ्या. बाहेरच्या कामात छटा म्हणजे लाकडाची टोपी. जितकी गडद, तितकं ऊन कमी. पण झाशीत फार गडद घेतलंत तर मे महिन्यात दुपारी पाय भाजतील. मधली, सागवानाच्या जवळची छटा बरी.

मेणाच्या सीलरबद्दल एवढंच की पहिल्या सरीला पाण्याचे मणी छान दिसतात, वर्षभरात मेण झिजतं, आणि उरलेल्या मेणावर पुढचं तेल नीट मुरत नाही. एकदा एक रस्ता धरला की तोच चालवा.

इथे आमच्या मिस्त्रींचा एक मुद्दा सांगायला हवा. ते म्हणाले, "साहब, इसको अलसी पिलाओ, और कुछ नहीं चाहिए." अळशी म्हणजे आपलं जवस. बुंदेलखंडात जवस पिकतं, तेल सहज मिळतं, आणि रंगाऱ्यांचं बेलतेल म्हणजे तेच उकळलेलं. घरातल्या दारांना, पाटाला, झोपाळ्याच्या फळीला ते शंभर टक्के योग्य. पण उघड्यावर, पावसात, नुसतं जवसाचं तेल म्हणजे बुरशीला जेवण. ऑगस्टमध्ये फळ्यांवर काळे ठिपके येतात, ते लाकूड काळं पडल्याचे नसतात, तेलावर वाढलेल्या बुरशीचे असतात. म्हणून बाहेरसाठी बुरशीनाशक आणि रंगाचे कण घातलेलं तेल घ्या. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि "टीक ऑइल" नावाला भुलू नका. ते सागापासून काढलेलं नसतं, बहुधा जवस किंवा टंगचं तेल आणि पातळ करणारं द्रव यांचं मिश्रण असतं.

कोकणातली मंडळी विचारतील, काजूच्या टरफलाचं तेल? फार जुनी आणि चांगली चीज. होड्यांना, वाशांना ते लावतात, वाळवी जवळ येत नाही. पण ते बिब्ब्याच्या जातीचं आहे, कातडीला फोड आणतं, आणि रंग काळपट येतो. खालच्या, हात न लागणाऱ्या लाकडांना जरूर लावा, हातमोजे घालून. बसायच्या जागी नको.

लाकूड कुठलं, हा प्रश्न नेहमी येतो. सागवान टिकतं म्हणजे सागाचा गाभा टिकतो. साली लगतचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी बुरशी आणि वाळवी ते खाते. हल्ली लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात फिकट भाग जास्त असतो. फळ्या निवडताना दोन्ही बाजू आणि टोकं बघून घ्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारच्या सागवानाची एक युद्धनौका बांधली, ट्रिंकोमाली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, दोनशे वर्षं उलटून गेली. ते जुन्या, जाड झाडांचं गाभ्याचं लाकूड होतं, आणि पिढ्यान् पिढ्या तिची दुरुस्ती होत राहिली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

स्वस्तात करायचं तर पाइनचं औषध दिलेलं लाकूड मिळतं. यामागे आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं द्रावण लाकडात दाबानं भरायची पद्धत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ साली शोधली. पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, डेक याच पद्धतीनं टिकवले गेले. अमेरिकेतल्या लाखो घरांचे डेक एका भारतीय शास्त्रज्ञाच्या कृतीवर उभे होते. पण त्यात आर्सेनिक आहे, म्हणून २००३ च्या अखेरीपासून तिकडे घरगुती वापरासाठी ते बंद केलं गेलं आणि आर्सेनिक नसलेली औषधं आली. तुमच्याकडे असं जुनं हिरवट लाकूड असेल तर त्याचे तुकडे चुलीत, शेकोटीत जाळू नका. धूर आणि राख दोन्ही विषारी.

आता प्रत्यक्ष काम. आधी वेळ. झाशीत उत्तम काळ नवरात्र सरल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पाऊस गेलेला, ऊन सौम्य, लाकूड वाळायला लागलेलं. दुसरी संधी फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत रात्री धुकं आणि दव, तेल वाळत नाही. मे महिन्यात फळ्या इतक्या तापतात की तेल आत मुरायच्या आधी वरच सुकतं, आणि लू सुटली की धूळ त्यावर बसते. कोकणात तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत उरका, आणि सकाळचं दव पूर्ण उडाल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका.

पहिलं काम धुणं. मऊ ब्रश, पाणी, आणि बुरशी असेल तर सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर. कपड्यांच्या ऑक्सिजनवाल्या ब्लीचमध्ये तेच असतं. घरातलं क्लोरीनचं ब्लीच लाकडाचे तंतू कमजोर करतं, ते टाळा. गाडी धुवायचं जोराच्या फवाऱ्याचं यंत्रही नको, मऊ भाग उडून फळीला खोबण्या पडतात. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणानं जातात. हे विष आहे. हातमोजे, चष्मा, मुलं आणि कुत्री लांब, आणि नंतर भरपूर पाणी. डाग पुन्हा नको असतील तर स्क्रू स्टेनलेसचे घाला. समुद्राजवळ ३१६ नंबरचे, आत ३०४ चालतात.

दुसरं काम वाळवणं, आणि इथेच लोक घाई करतात. धुतल्यावर वरून दोन तासांत कोरडं दिसतं, आत ओल असते. ओल मोजायचं दोन काट्यांचं छोटं यंत्र मिळतं, ते फळीत टोचा. पंधरा टक्क्यांखाली आलं की पुढे जा. यंत्र नसेल तर किमान तीन-चार कोरडे दिवस जाऊ द्या आणि फळीवर पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत मुरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. मणी तसेच राहिले तर जुनं काहीतरी अजून वर बसलंय, ते काढावं लागेल.

तिसरं, घासणं. साठ ते ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, रेषेच्या दिशेनं. याहून बारीक नको. घरातल्या फर्निचरसारखं गुळगुळीत केलंत तर तेल आत जात नाही आणि पायाला पकडही राहत नाही. घासताना मास्क लावा. सागाची भुकटी छातीला बाधते.

चौथं, तेल. डबा सतत ढवळत राहा, रंग तळाशी बसतो. एका वेळी दोन-तीन फळ्या, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये थांबलात तर जोड दिसतो. फळीची टोकं विसरू नका. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी आहे, टोकाकडून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पटीनं वेगात शिरतं. तिथे दोन-तीन हात द्या. फळी बसवायच्या आधीच काम करत असाल तर खालची बाजूही रंगवून घ्या, नाहीतर वरची आणि खालची बाजू वेगवेगळ्या वेगानं ओल घेतात आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते कोरड्या फडक्यानं पुसून काढा. हे फार महत्त्वाचं. लोकांना वाटतं जाड थर म्हणजे जास्त संरक्षण. वर राहिलेलं तेल चिकट होतं, धूळ धरतं, बुरशी धरते. लाकूड पिईल तेवढंच त्याचं.

आता त्या फडक्यांबद्दल. कृपा करून हा भाग लक्ष देऊन ऐका. जवसासारखं वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकी उघडी पसरलेली असली तर उष्णता उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आत साठते आणि काही तासांनी, काडी न लावता, पेट घेते. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीला आग लागली, ती जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांमुळे. कामगार लाकूडकाम पुसून गेले होते. त्या आगीत तीन अग्निशमन जवान गेले. आपल्याकडे हे काम नेमकं दिवाळीच्या आसपास होतं, घरात फटाके असतात, माळ्यावर रद्दी असते. फडकी पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, किंवा अंगणात एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा. रोजंदारीवर आलेला मुलगा ती पिशवीत भरून घरी नेतो, पुसायला होतील म्हणून. त्याला समजावून सांगा. ती आपली जबाबदारी आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः बोलायला बसलो ती. रंग आणि ताकद यांचा संबंध नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात पहिल्या मजल्यावर डेक होता. पावसाळ्याआधी रंगाऱ्यानं सुंदर गडद रंग मारून दिला. दोन महिन्यांनी घरातले काका संध्याकाळी कठड्याला टेकून उभे राहिले आणि कठड्याचा खांब बुडातून मोडला. दहा फुटांवरून खाली. खुब्याचं हाड मोडलं, वर्षभर अंथरूण. खांब बघितला तेव्हा वर दोन मिलिमीटरचं चांगलं लाकूड आणि रंग, आत ओला भुसा. खांबाचं बूड फळीत रुतवलेलं होतं, तिथे कित्येक वर्षं पाणी थांबत होतं.

हे पकडायला दहा रुपयांचं कौशल्य पुरतं. टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या. प्रत्येक खांबाच्या बुडाशी, प्रत्येक जोडाशी, भिंतीला टेकलेल्या वाशात, स्क्रूच्या भोवती जोरानं टोचा. चांगल्या लाकडात तो टोक रुतवून थांबतो आणि काढताना लांब कुसळ निघतं. कुजलेल्यात तो लोण्यासारखा जातो आणि तुकडा बिस्किटासारखा मोडतो. तसं झालं तर लांबी भरून वर रंग मारायचा नाही. तो भाग बदलायचा. मग कठडा दोन हातांनी धरून अंगाच्या वजनानं आत-बाहेर हलवा. हलला तर तो दुरुस्त होईपर्यंत डेक बंद. पाहुणे असले तरी बंद.

आमच्याकडे याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणी: टोचणं, हलवणं, फटी साफ करणं, सैल स्क्रू आवळणं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला झाडू आणि शेवाळ दिसलं की घासणं. दसऱ्यानंतर धुणं, वाळवणं, आणि थेंबाची परीक्षा. पाणी मुरत असेल त्या वर्षी तेलाचा एक हात. मणी राहत असतील तर त्या वर्षी सुट्टी. वर्षाला तीन-चार दिवसांचं काम आहे. त्यात मिस्त्री, मी आणि सुट्टीवर आली असेल तर नात, अशी आमची पलटण असते. नातीकडे टोचायचं खातं.

ज्यांना हे सगळं नको, त्यांच्यासाठी एक मान्य मार्ग आहे. सागवानी गाभ्याच्या फळ्या असतील तर काहीच लावू नका. राखाडी होऊ द्या. ऊन वरचा पापुद्रा हळूहळू खातं, पण अगदी सावकाश. बाहेर उघड्या राहिलेल्या नरम लाकडाचीसुद्धा झीज शंभर वर्षांत पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास मोजली गेली आहे. राखाडी रंग म्हणजे कूज नव्हे. फक्त धुणं, फटी साफ ठेवणं आणि टोचणं यातून सुटका नाही. वरून चकचकीत आणि आतून ओला, याच्यापेक्षा राखाडी आणि कोरडा डेक मी केव्हाही पसंत करीन.

तेव्हा मंडळी, यंदा डबा विकत घ्यायच्या आधी या रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकवर जा. घरी डेक नसेल तर गच्चीवरचा लाकडी झोपाळा, बाल्कनीचा जुना कठडा, जिन्याचा हातरेलिंग टोचून बघा. तुमच्या आईवडिलांचा हात रोज तिथे पडतो. तो मजबूत निघाला तर रंग कुठला लावायचा हे निवांत ठरवता येईल.

एवढंच. जय हिंद.